पटलांमधील जाळी : द्रायुप्रवाहाच्या अभ्यासातील एक प्रकरण

खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी मिळविण्याच्या व्यस्त तर्षण पद्धतीचा इतिहास म्हणजे बहुधा पटलाचाच इतिहास समजला जातो. १९५९ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात रीड व ब्रेटन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे पटल क्षारांना अडविते, हे दाखविले. त्यानंतर लवकरच लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब व सौरिराजन यांनी पुष्कळ अधिक पाणी देणारे पटल सिद्ध केले. दोन पटलांमधील चिंचोळ्या मार्गात बसविलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीचा या इतिहासात क्वचितच उल्लेख येतो. वस्तुतः पटलाच्या अंगचे सामर्थ्य व्यवहारात कितपत उतरावयाचे, हे पुष्कळ अंशी या जाळीवर अवलंबून असते.

प्रारंभी या जाळीची गरजच नव्हती. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा येथे सुरू झालेल्या संयंत्रात पटले नळ्यांच्या आतील बाजूस होती आणि पाण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु नळ्यांची रचना फार जागा व्यापीत असे. त्याच दशकात सॅन डिएगोच्या जनरल अ‍ॅटॉमिक येथे सपाट पटले एका मध्यनलिकेभोवती गुंडाळण्याची सर्पिल रचना आकारास आली. गुंडाळीतील पटले परस्परांना चिकटू नयेत, एवढ्याचसाठी मध्ये जाळी घालणे भाग होते. या जाळीची जाडी सामान्यतः १ मिलिमीटरहूनही कमी असते.

जाळीचे खरे महत्त्व दुसऱ्याच अभ्यासातून उघड झाले. पाणी पटलातून पार होते, क्षार मागे राहतात व पृष्ठभागालगत साचतात. तेथील तर्षणदाब त्यामुळे वाढतो, गोडे पाणी कमी मिळते आणि त्यात क्षारही अधिक उतरतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील शेरवुड, ब्रायन प्रभृतींनी १९६५ मध्ये या संचयाचे गणिती विवेचन केले. हा क्षारयुक्त थर मोडण्याचे कार्य जाळीचे धागे करतात. प्रवाह धाग्यांवर आपटून वळतो, त्यांच्यामागे भोवरे निर्माण होतात आणि पृष्ठभागालगतचे पाणी मुख्य प्रवाहात मिसळते.

मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. १९८७ मध्ये शॉक व मिकेल यांनी जाळीयुक्त मार्गांतील मापनांवरून दोन सूत्रे मांडली. त्यांनुसार प्रवाहाचा वेग दुप्पट केल्यास क्षार दूर वाहून नेण्याची क्षमता सुमारे १.८ पट होते. दाबातील घट मात्र सुमारे ३.२ पट वाढते. प्रवाहही दुप्पट झालेला असल्याने या मार्गातून पाणी ढकलण्यास लागणारी शक्ती सुमारे साडेसहा पट होते. १९९४ मध्ये सिडनी येथील द कोस्ता, फेन व वायली यांनी या घटीची कारणे तपासली. धाग्यांचा अडथळा व त्यांच्यामुळे प्रवाहाला घ्यावी लागणारी वळणे यांचा वाटा तीत मोठा असल्याचे त्यांना आढळले. धाग्यांची जाडी, त्यांतील अंतर व कोन हे सर्वच अशा रीतीने विचारार्ह ठरले.

जाळीचा दुसरा दोष त्यानंतर स्पष्ट झाला. धाग्यांच्या आडोशाला प्रवाह मंद असतो. तेथे जीवाणूंचे थर सहज रुजतात. २००९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी असे दाखविले की, पटलातून पाणी पार होत असो वा नसो, जीवाणूंची वाढ व तिच्यामुळे होणारी दाबघट जाळीच्या मार्गात घडतच राहते. ज्या दोषाचे खापर पूर्वी पटलावर फोडले जाई, तो मुख्यत्वे जाळीचा प्रश्न आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जाळी एकाच वेळी प्रवाहाला साहाय्य करते व अडथळाही करते. पटले कितीही सुधारली तरी ही ओढाताण संपत नाही; उलट पटल जितके अधिक पाणी देईल तितका क्षारसंचय वाढतो आणि जाळीवरील भार अधिक होतो. केवळ पटले अलग ठेवण्यासाठी आलेली ही वस्तू म्हणूनच आज पटलाइतक्याच बारकाईने अभ्यासली जाते. स्वस्त गोड्या पाण्याचा प्रश्न काही अंशी तिच्या धाग्यांच्या मांडणीत गुंतलेला आहे.