उपग्रह-उपकरणांचे अंशशोधन

बंगळुरूतील यू. आर. राव उपग्रह केंद्रात इन्सॅट-३डीसारख्या हवामान-उपग्रहांची बांधणी झाली. त्यांची प्रतिमादर्शक उपकरणे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची.

प्रक्षेपणानंतर उपकरण दुरुस्तीसाठी हाताशी येत नाही. आरसे मळतात, संवेदकांचा प्रतिसाद मंदावतो. मग तीस वर्षांत ढग खरोखर कमी झाले, की उपकरण थकले? अंशशोधनाचे, म्हणजे उपकरणाचे माप ज्ञात मापाशी ताडून पाहण्याचे, सारे महत्त्व या प्रश्नात आहे.

अवरक्त पट्ट्यांसाठी उपग्रहावरच ज्ञात तापमानाचा कृष्णपदार्थ असतो. उपकरण त्याच्याकडे पाहून आपले माप तपासते. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीच्या दृश्य पट्ट्यासाठी मात्र अशी सोय नाही. तेथे कच्छच्या रणातील पांढरीशुभ्र मिठागरी जमीन उपयोगी पडते: जमिनीवर मोजलेले परावर्तन आणि उपग्रहाला दिसलेले परावर्तन यांचा ताळा घेतात.

दुसरी पद्धत परस्पर-तुलनेची. सुमारे ३६,००० किमी उंचीवरील इन्सॅट आणि ध्रुवीय कक्षेतील युरोपीय मेटॉप उपग्रहावरील ‘आयएएसआय’ हे उपकरण एकाच जागेकडे, जवळपास एकाच क्षणी आणि सारख्या कोनातून पाहतात, तेव्हाच्या नोंदी जुळवतात. जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘जीएसआयसीएस’ या परस्पर-अंशशोधनाच्या उपक्रमात भारतीय हवामान विभाग व इस्रोही आहेत.

आपल्याकडे अंशशोधन अधिकच जिव्हाळ्याचे, कारण इथली उपग्रह-नोंद तुटक आहे. जुलै १९८३ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मेघ-नोंदीत हिंदी महासागरावर मोठी पोकळी राहिली होती. ती १९९८ मध्ये मेटिओसॅट-५ हा उपग्रह इकडे हलवल्यावर भरू लागली.