दहापैकी किती?

सिनेमातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. असा दावा करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून मी दोन-तीनदा सिनेमे पाहिले आहेत. ही मंडळी मध्येच 'आहाहा' करतात. आपण दचकून पडद्याकडे पाहावं, तर तिथे नुसती एक रिकामी खुर्ची असते. आता या खुर्चीवर कोणी तरी येऊन बसणार, म्हणून मी वाट पाहत राहतो. कोणी येत नाही. खुर्ची जाते, नदी येते, आणि शेजारचा 'कळलं ना?' अशा अर्थाने माझा गुडघा दाबतो. मी 'वा' म्हणतो. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला न कळता मान डोलावण्याचा सराव असतोच.

तेव्हा माझ्या मुलीने फोनवर मला दहा जुन्या सिनेमांची यादी पाठवली, त्यात माझ्या रसिकतेपेक्षा माझ्या निवृत्तीचा संबंध अधिक होता. "बाबा, दिवसभर गॅलरीत बसून सोसायटीतल्या गाड्या मोजण्यापेक्षा हे बघा. हे अभिजात आहे." अभिजात या शब्दाचा मी धसका घेतलेला आहे. शाळेत जे जे अभिजात म्हणून वाचायला लावलं त्यावर पुढे 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' हे यायचंच. पण यादी मुलीची होती. मी एक जुनी वही काढली आणि रकाने आखले : नाव, साल, झोप लागली किंवा नाही, आणि दहापैकी गुण.

पहिला नंबर अर्थात दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये तो लागला. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, अशी दोनच आज उरली आहेत. म्हणजे सुरुवात आहे, शेवट आहे. मधले हाल गेले. हरिश्चंद्राच्या बाबतीत ही सोय म्हणायला हवी. त्यातही जाणकारांचं म्हणणं असं, की उरलेली रिळं १९१३ च्या सिनेमाची नसून फाळक्यांनी १९१७ साली तो पुन्हा काढला त्याची आहेत. मी ज्याला गुण देत होतो तो विद्यार्थी वर्गात हजर होता की नाही, इथपासूनच शंका!

तारामती झालेत अण्णा साळुंके. फाळके बायकांच्या भूमिकेसाठी बायका शोधत कलावंतिणींच्या वस्तीपर्यंत जाऊन आले, पण तिथेही कोणी तयार होईना. शेवटी एका हॉटेलच्या भटारखान्यात हा नाजूक बांध्याचा आचारी सापडला. दहा रुपयांची नोकरी सोडून तो पंधरावर आला, असं सांगतात. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये या गृहस्थाने राम आणि सीता दोन्ही केले. लग्नाचा इतका कमी खर्चाचा प्रकार मी दुसरा पाहिला नाही. 'हरिश्चंद्र'मध्ये राणी आणि तिच्या सख्या कारंज्याच्या हौदात डुंबतात असं एक दृश्य आहे. सगळे बाप्ये, सगळे ओल्या लुगड्यात. मी हसत होतो. ही शेजारी शेंगा सोलत बसली होती. मी तिला कौतुकाने सांगितलं, की फाळक्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि वर कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोकं पाडण्याचं कामही केलं.

"मग तिला किती गुण?" हिने विचारलं.

रकाना नव्हता.

यादीत दुसरा 'आलम आरा' असेल असं मला वाटलं होतं. १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागलेला आपला पहिला बोलपट! पण तो यादीत नव्हता, कारण तो कुठेच नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. मूकपटांची गत तर विचारू नका. हजाराहून जास्त निघाले, आणि पूर्ण-अपुरे धरून जेमतेम तीस-एक हाती राहिले. ती जुनी फिल्म नायट्रेटची. काडी लागली की भडकायची. जी जळली नाही ती लोकांनी विकली, कारण फिल्मवर चांदीचा अंश असतो आणि ती काढून घेता येते. मोड म्हणून जशी समई विकावी, तसे सिनेमे विकले गेले. म्हणजे आपल्याकडे अभिजात काय हे थोडंफार रसिकांनी ठरवलं आणि बरंचसं भंगारवाल्याने. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर नावाचा माणूस गावोगाव डबे हुडकत हिंडला, म्हणून हे एवढं तरी राहिलं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या संग्रहालयावरून मी वर्षानुवर्षं बँकेत गेलो. आत काय आहे हे विचारायला एकदाही सायकल थांबवली नाही.

मग 'प्रभात'चे सिनेमे सुरू झाले. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली कोल्हापुरात कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण १९१३ ची तारामती भटारखान्यातून आली होती, ही सॉलिसिटरच्या घरातून आली. दुर्गाबाई खोट्यांसारखी शिकलेली, सुखवस्तू घरातली बाई पडद्यावर उभी राहिली आणि एकोणीस वर्षांत महाराष्ट्राची मान केवढी वळली ते एका लुगड्यावरून कळलं. सिनेमा संथ आहे. गोविंदराव टेंबे राज्यसुद्धा घाई न करता सोडतात. झोप : एकदा. गुण : सहा.

'संत तुकाराम'ला मात्र मी सरळ साडेनऊ दिले. हा १९३६ चा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात निवडक उत्तम चित्रपटांत गणला गेला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत. एके काळी नाटकात बायकांच्या भूमिका करणारा हा माणूस. पण आमच्या देवघरात तुकाराम म्हणून जी तसबीर होती ती पागनिसांची होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मी त्यांना फुलं वाहत होतो. सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी नवा अभंग लिहिला तर चांगल्या जाणत्या लोकांना तो तुकारामाचाच वाटला आणि ते गाथेत शोधत बसले.

पण खरं सांगू? सिनेमा तुकारामाचा नाहीच. तो गौरीबाईंच्या जिजाईचा आहे. पोर तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. तेव्हा ही बाई एका हातात पोराचं मनगट आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला. शेवटी वैकुंठाचं विमान दारात येतं, तरी ती जात नाही. घर कोण बघणार?

आमच्या घरातली सगळी मंडळी हा सिनेमा पाहायला गेली होती. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकलेली आहे. आजोबांनी आयुष्यात आजीला नेऊन दाखवलेला हा एकुलता एक सिनेमा. तोही संतपट म्हणून. जाताना अंघोळी करून गेले होते.

त्यानंतर यादीत होता 'कुंकू'. १९३७, दिग्दर्शक शांताराम. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून काढलेला. गोष्ट थोडक्यात अशी : नीरा नावाची पोरकी मुलगी, मामा पैसे घेऊन एका उतारवयाच्या विधुर वकिलाशी तिचं लग्न लावून देतो. आणि नीरा म्हणते, हे लग्न मी मानत नाही. रडत नाही, विहिरीत उडी घेत नाही. त्याच घरात राहते आणि मानत नाही. अंगलट येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. म्हाताऱ्याची विधवा मुलगी घरी येते ती बापाची नव्हे, हिची बाजू घेते. पार्श्वसंगीत नाहीच, घरातले आवाज तेवढे. त्यात ते घड्याळ. टिक, टिक. शांता आपट्यांनी नीरा केली आहे. बाई खऱ्या आयुष्यातही तशीच असावी : १९३९ मध्ये कंपनीशी बिनसलं तेव्हा ती 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसली होती.

हा सिनेमा मी पूर्वी एकदा पाहिला होता. दूरदर्शनवर, आमचा टीव्ही नवा असताना. केशवराव दाते आरशापुढे मिशांना कलप लावत होते आणि मी त्या जुन्या वळणाच्या अभिनयाची नक्कल करून सगळ्यांना हसवत होतो. सगळ्यांना म्हणजे, आजी सोडून. ती थोडा वेळ बसली आणि उठली.

"बघ की ग, आजी. तुझ्या काळचा आहे."

"पाह्यलाय मी."

"कधी?"

"तेव्हा," असं म्हणून ती तांदूळ निवडायला आत गेली. मी पुन्हा मिशांकडे वळलो.

आजी बिजवराला दिलेली. १९३२ साली तिचं लग्न झालं तेव्हा ती पंधराची आणि आजोबा चाळिशीचे. शारदा कायदा दोन वर्षांपूर्वीच लागू झाला होता. त्यात मुलीचं वय चौदाच्या पुढे हवं. म्हणजे सगळं कायद्यात बसत होतं. हे आकडे मला कायम पाठ होते. बँकेतला माणूस मी. पण दोन आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी करायची, हे काही त्या दिवशी सुचलं नव्हतं. परवा घड्याळाची टिकटिक सुरू झाली तेव्हा सुचलं. मी सिनेमा मध्येच थांबवला आणि बेबीआत्याला फोन लावला. ही आजीची धाकटी लेक, आता पंच्याऐंशीची. कान गेलेत, पण आठवण लख्ख आहे.

"आजोबांनी आजीला 'कुंकू' दाखवला होता?"

"दाखवतायत! 'घरंदाज बायकांनी पाहण्यासारखा नाही' असं त्यांनी वाड्यात जाहीर केलं होतं."

"मग तिने पाहिला कसा?"

"मोठ्या ताईबरोबर."

मी गप्प झालो. मोठी ताई म्हणजे आजोबांची पहिल्या बायकोची मुलगी. आजीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. ती माहेरपणाला आली होती. तिनेच बेत ठरवला. रामाच्या देवळात कीर्तन आहे असं सांगून मायलेकी निघाल्या – मायलेकीच म्हणायचं, दुसरं नातं काय? – आणि बायकांच्या जागेत पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या.

"घरी आल्यावर दादांनी विचारलं, कीर्तन कसं झालं?" आत्या सांगू लागली. "आई म्हणाली, बुवा बरे होते, पण शेवट काही पटला नाही."

शेवट म्हणजे, 'कुंकू'च्या शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक उमगते. तो नीरेला पुन्हा लग्न कर म्हणून चिठ्ठी लिहून ठेवतो आणि जीव देतो.

"न पटण्यासारखं काय होतं त्यात?" मी विचारलं.

"मीही विचारलं होतं एकदा तिला," आत्या म्हणाली. "तर म्हणे, तसं कोणी जात नाही."

आजोबा १९७६ पर्यंत होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. आजीने सगळं केलं.

रात्री मुलीचा फोन आला. "काय बाबा, 'कुंकू' पाहिलात? किती दिले?"

मी म्हटलं, अजून अर्धा बाकी आहे. बाकी नव्हता. हिने वहीत डोकावून पाहिलं, रिकामा रकाना पाहिला, काही बोलली नाही. यादीत पुढे 'माणूस' आहे, १९३९ चा. त्यात पोलीस शिपाई आहे म्हणतात. तो उद्या लावू असं ठरलं, आणि शेंगा सोलायला घेऊन मीही बसणार आहे.