परीक्षेच्या शब्दयादीची कुळकथा

आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्याच्या हाती प्रगत इंग्रजी शब्दांची जी यादी पडते, तिचे मूळ शब्दांच्या मोजणीत आहे. मोठ्या प्रमाणावरची अशी पहिली मोजणी जर्मनीत झाली, आणि तीही लघुलेखनासाठी. कोणत्या शब्दांना सुटसुटीत खुणा द्याव्यात हे ठरवायला फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग याने हजारो मदतनीस बसवून सुमारे १ कोटी १० लाख शब्द हातांनी मोजून घेतले. त्याचा वारंवारता-कोश १८९७-९८ मध्ये निघाला. इंग्रजीत हे काम शाळेसाठी झाले. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये शिक्षकांसाठी १०,००० शब्दांचे पुस्तक काढले. १९४४ पर्यंत ते ३०,००० शब्दांवर पोहोचले. पण ते होते इंग्रजी घरातच बोलणाऱ्या मुलांसाठी.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याचा विचार ज्यांनी मुळापासून केला, त्यांत मायकेल वेस्ट यांचे नाव आधी घ्यावे लागते. ते ढाक्याच्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलगा वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतो, मध्येच शाळा सोडतो आणि हाती काहीच उरत नाही, हे ते डोळ्यांदेखत पाहत होते. पाठ्यपुस्तकांत क्वचित भेटणाऱ्या शब्दांची गर्दी असे. वेस्ट यांनी ती काढून टाकली, नवे शब्द थोडेथोडे आणले आणि आलेला शब्द पुनःपुन्हा येईल अशी वाचनमाला रचली. १९३५ च्या त्यांच्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचा अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितलेला आहे. शिकणाऱ्यांविषयी एवढा जिव्हाळा कोशवाङ्मयात क्वचितच दिसतो.

१९३४ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पुढाकाराने न्यूयॉर्कला शब्दनिवडीवर परिषद भरली. थॉर्नडाइक, वेस्ट आणि तोक्योत काम करणारे हॅरल्ड पामर त्यात होते. त्यातून १९३६ चा अहवाल आणि पुढे १९५३ मध्ये वेस्ट यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. तिच्यात सुमारे २,००० शब्द होते. एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, हेही तिच्यात दिले होते. निवड करताना नुसता आकडा पाहिला नाही. शिकायला सोपा, व्यवहाराला लागणारा, दुसऱ्या शब्दाने भरून न निघणारा, असे निकषही लावले.

परदेशी विद्यार्थी विद्यापीठांत मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा एवढी शिदोरी अपुरी पडली. १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली, १९८९ मध्ये आयईएल्टीएस. मधल्या काळात, १९८४ मध्ये, श्वे गुओयी आणि पॉल नेशन यांनी जुन्या चार याद्या एकत्र करून विद्यापीठीय शब्दांची यादी केली. तिची जागा २००० मध्ये एव्हरिल कॉक्सहेड यांच्या 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट'ने घेतली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात त्यांनी कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या शाखांतील २८ विषयांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर गोळा केला. वेस्ट यांचे शब्द त्यांनी वगळले. उरलेल्यांपैकी जे चारही शाखांत आणि निदान १५ विषयांत आढळले, एकंदरीत किमान १०० वेळा आले, तेच घेतले. अशी ५७० शब्दकुटुंबे निघाली. 'अ‍ॅनालाइज' घेतला की 'अ‍ॅनालिसिस', 'अ‍ॅनालिस्ट', 'अ‍ॅनालिटिकल' त्याच्याबरोबर येतात. चौघे मिळून एकच नोंद. शैक्षणिक मजकुरातील सुमारे १० टक्के शब्द या यादीतले असतात, कथा-कादंबऱ्यांत जेमतेम १.४ टक्के.

उणिवाही लवकरच दाखवल्या गेल्या. 'व्हॉल्यूम' म्हणजे भौतिकशास्त्रात आकारमान आणि ग्रंथालयात खंड, म्हणून सर्व विषयांना एकच यादी पुरेल का, असा प्रश्न केन हायलँड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये विचारला. २०१४ मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी १२ कोटी शब्दांच्या संग्रहावरून नवी यादी केली आणि वेस्ट यांचे शब्द आधीच वगळण्याची रीत सोडली.

आयईएल्टीएसने स्वतःची अधिकृत शब्दयादी काढलेली नाही. तिच्या लेखनपरीक्षेत शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण असतात आणि वरच्या श्रेणीच्या वर्णनात कमी प्रचलित शब्दांचा उल्लेख येतो. बाजारातल्या 'प्रगत शब्दां'च्या पुस्तकांना बळ मिळते ते या उल्लेखामुळे. वेस्ट यांनी दुर्मिळ शब्द वेचून बाहेर काढले. ही पुस्तके ते वेचून आत आणतात. त्याच वर्णनात शैलीचे आणि शब्दांच्या जोडीचे भान मागितले आहे, तिकडे मात्र दुर्लक्ष होते. 'रिसर्च' कॉक्सहेड यांच्या यादीच्या पहिल्या भागात आहे, 'कंडक्ट' दुसऱ्यात. इंग्रजीत रिसर्च 'कंडक्ट' करतात, 'मेक' करत नाहीत, हे कळायला दोन्ही शब्द वाक्यात एकत्र भेटावे लागतात.