खाडाखोडीच्या बाजूने

पालकसभेत हल्ली एक वाक्य अभिमानानं सांगितलं जातं: आमचा वर्ग आता पेपरलेस आहे. गृहपाठ गूगल क्लासरूमवर, चाचणी गूगल फॉर्मवर, टिपणं पीडीएफमध्ये. कागद वाचतो म्हणजे झाडं वाचतात, दप्तराचं ओझं उतरतं, शिक्षकाचा तपासणीतला वेळ वाचतो आणि शिक्षण काळाबरोबर राहतं, असा त्यामागचा विचार. ऐकायला तो बिनतोड वाटतो. माझ्या मते तो मुळातच चुकला आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचं देणं देऊ. तापानं घरी राहिलेल्या मुलीला त्या दिवसाचा धडा संध्याकाळी मिळतो, सूचना हरवत नाहीत, चाचणीत कोणता प्रश्न निम्म्या वर्गाला अडला ते लगेच कळतं. 2002 साली आलेल्या मूडल या शिक्षणप्रणालीपासून 2017 च्या दीक्षा या सरकारी व्यासपीठापर्यंत या सोयी वाढत गेल्या आणि मी त्या रोज वापरतो. माझा आक्षेप या सोयींना नाही. त्यांच्यासाठी वही बंद करावी, या अनुमानाला आहे.

मुळात कागदाशिवाय चालणारा वर्ग ही नव्या काळाची देणगी नव्हेच. पंतोजींच्या शाळेत मुलं धुळाक्षरं गिरवत. आपल्या अंकगणिताचं जुनं नाव पाटीगणित, आणि पाटीवरच्या आकडेमोडीला धूलिकर्म म्हणत. भास्कराचार्यांची 1150 ची 'लीलावती' याच परंपरेतली. पाटीवर जागा थोडी, म्हणून मधला आकडा पुसायचा आणि तिथंच पुढचा लिहायचा. उत्तर उरे, वाट पुसली जाई. हे गणित अरबांकडे गेलं. 952 च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी यांनी भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला आणि तीच उदाहरणं धूळपाटीशिवाय, कागदावर शाईनं, काही न पुसता कशी सोडवायची ते दाखवलं. कागद गणितात आला तो असा, पुसण्याला पर्याय म्हणून. वही काढून घेणं म्हणजे हजार वर्षांपूर्वी सोडवलेली अडचण पुन्हा ओढवून घेणं.

ती अडचण पाचवीच्या वर्गात रोज दिसते. 502 वजा 278. उत्तर 224. दोन मुलांनी 324 लिहिलं. फॉर्मवर दोघांपुढे लाल फुली आणि शून्य गुण. वह्या उघडल्या तर चित्र वेगळं. पहिल्यानं शून्यावर 9 लिहिलाय, एककात 12 केलेत, पण शतकातल्या 5 ला हातच लावलेला नाही. दशकात शून्य असलं की हातचा मुळात शतकातून येतो, हे त्याला उमगलेलंच नाही. दुसऱ्यानं 5 खोडून वर 4 केलाय, आणि वजा करताना नजर खोडलेल्या 5 वर गेलीय. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा शिकवावं लागतं. दुसऱ्याला फक्त म्हणायचं, बाळा, वरचा आकडा ठळक काढ. दोघांना सारखाच उपाय केला तर एकाचं नुकसान ठरलेलं. हा फरक त्या खाडाखोडीतच असतो, आणि उत्तराच्या चौकटीत खाडाखोडीला जागा नसते.

यावर म्हणतील, टॅबवर पेन्सिलनं लिहिता येतं की. येतं. ज्यांच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तोही वडिलांबरोबर संध्याकाळी सातला परततो, त्यांच्यासाठी हे उत्तर नाही.

वाचनाचंही पाहू. डेलगादो आणि सहकारी संशोधकांनी 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असलं की फरक वाढतो, असं त्यांना आढळलं. कथा वाचताना मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. हातानं लिहिलेल्या टिपणांची थोरवी सांगणारा 2014 चा म्युलर आणि ओपेनहायमर यांचा प्रसिद्ध प्रयोग मी इथं आधाराला घेत नाही. 2019 मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निष्कर्ष तितका ठाम उरला नाही. आपल्या बाजूचा पुरावाही पारखूनच घ्यावा.

झाडांचा मुद्दा मनापासून मांडला जातो, म्हणून त्याला मनापासून उत्तर देतो. भारतात कागद लाकडाबरोबर उसाच्या चिपाडापासून आणि रद्दीपासूनही बनतो. भरलेली वही रद्दीवाल्याकडे जाते आणि पुन्हा कागद होते. बॅटरी गेलेल्या टॅबला असा सोपा परतीचा रस्ता नाही. दप्तराचं ओझं खरं आहे, पण तोही प्रयोग आपण केलाय: राज्य शासनानं 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, मुलं तरीही वह्या आणत राहिली, आणि 2025 मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव या वादात हमखास येतं. परितेवाडीच्या या शिक्षकाला 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामामुळे. पण तो कोड छापला कुठे जातो, ते पाहा. पुस्तकाच्या पानावर. पान जागेवर राहिलं आणि त्याला आवाज, चित्र, हालचाल मिळाली. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

आणि पेपरलेस म्हणवणाऱ्या वर्गात कागद खरोखर जातो का? मुलं वहीतच सोडवतात, मग आईच्या मोबाइलनं पानाचा फोटो काढून चढवतात. फोटो आडवा, अर्ध्या पानावर हाताची सावली. मी असे चाळीस फोटो रात्री बोटांनी मोठे करकरून तपासतो. वेळ वाचतो म्हणतात, तो कोणाचा, मला कळलेलं नाही.

वर सांगितलेल्या दुसऱ्या मुलाचं उत्तर आधी माझ्याकडे असंच फोटोतून आलं होतं. 5 वरची खोडरेघ आणि वरचा 4, दोन्ही बारीक पेन्सिलीचे. फोटोत दोन्ही दिसले नाहीत. मी त्याला पहिल्याच्या जोडीला बसवलं आणि दोन दिवस गठ्ठे सोडायला लावले. तिसऱ्या दिवशी त्यानं वही पुढे सरकवली, 4 वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, मी घेतला होता हातचा."