पडद्यावरचा आपला माणूस

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कार्यकारिणीतली मुले म्हणाली, काका, तुम्ही गिरणीच्या आठवणी लिहा. मी सिनेमावर लिहायला बसलो. विहाराच्या पुस्तकात सिनेमा कशाला, असे काही जणांना वाटेल. पण बंधू-भगिनींनो, आपल्या घरात धम्मग्रंथ किती वाचले जातात आणि सिनेमे किती पाहिले जातात, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. आणि हा सिनेमा कुठे परदेशात तयार झालेला नाही. तो आपल्याच उपनगरात, आपल्याच रेल्वे लाईनीला तयार झालेला आहे.

लहानपणी जयंतीला वस्तीत पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवायचे. जागा नसली की आम्ही पोरे चादरीच्या मागच्या बाजूला बसायचो. तिकडून अक्षरे उलटी दिसत, पण माणसे तीच. म्हातारी माणसे सिनेमा संपला की एकच चर्चा करायची, शेवटी कोण मेले आणि कोण राहिले. पुढे मी वाचायला लागलो तेव्हा कळले की ही कसोटी काही वाईट नाही. आपला माणूस सिनेमात आहे की नाही हे तर बघावेच, पण शेवटच्या सीनमध्ये त्याचे काय होते हेही बघावे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेच्या पुस्तकात असते. मालाडची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी तिथे बॉम्बे टॉकीज काढली. डायरेक्टर फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, कॅमेरामन योसेफ विर्शिंग जर्मन. याच कंपनीने १९३६ साली ‘अछूत कन्या’ काढला. देविकाराणी नायिका, अशोककुमार नायक. अशोककुमार त्याआधी त्याच कंपनीच्या लॅबोरेटरीत कामाला होता.

कस्तुरी ही रेल्वे फाटकवाल्याची मुलगी. अस्पृश्य. प्रताप हा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. दोघांचे लहानपणापासून प्रेम, पण लग्न होत नाही. दोघांची लग्ने आपापल्या जातीत लागतात. शेवटी फाटकावर तिचा नवरा आणि प्रताप यांची मारामारी जुंपते, समोरून गाडी येते, ती थांबवायला कस्तुरी रुळावर धावते आणि गाडीखाली जाते. फाटकाजवळ तिचे स्मारक होते. म्हणजे जिवंतपणी शिवायचे नाही आणि मेल्यावर पुजायचे.

त्या काळात हा विषय घेतला याबद्दल त्या मंडळींना मी मान देतो. अस्पृश्यता वाईट, हे त्यांनी लाखो लोकांपुढे मांडले. परंतु वर्ष लक्षात घ्या. १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला सांगितले होते की, मी हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ च्या मे महिन्यात ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे त्यांचे भाषण इंग्रजीत छापून आले. त्याच महिन्याच्या शेवटी दादर-नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण तिथले. मालाडहून दादर लोकलने किती लांब? नायगावात आपली आई-बापे धर्म सोडण्याचा विचार करत होती, आणि मालाडच्या स्टुडिओत आपली मुलगी रुळावर मरत होती. सिनेमावाल्यांना आपले दुःख दिसले, पण आपला निर्णय दिसला नाही.

पुढे १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. त्यांचे काम अंधेरीच्या मोहन स्टुडिओतून चाले. नूतनने अस्पृश्य मुलीचे काम फार संयमाने केले आहे. या सिनेमात ‘चंडालिका’ नाटकाचा प्रसंग आहे, म्हणजे भन्ते आनंद आणि पाणी देणारी मुलगी यांची आपली कथा. तीन वर्षांपूर्वीच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली होती. सिनेमात आनंद आले, गांधीजी आले, पण दीक्षाभूमी आली नाही.

हा सिनेमा मी आईबरोबर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. पाळणारी आई जिन्यावरून पडते, तिला रक्त लागते, आणि फक्त सुजाताचे रक्त जुळते. मग ती आई तिला पोटाशी धरते. सगळी चाळ डोळे पुसत होती. माझी आई, अंगठेबहाद्दर बाई, म्हणाली, “आन् रगत जुळलं नसतं तर?” त्यावर आजपर्यंत मला उत्तर सापडलेले नाही. तरी एक मान्य केले पाहिजे, यात मुलगी जगते, तिचे लग्न होते. २३ वर्षांत तेवढे अंतर कापले.

याच काळात घाटकोपरच्या चिरागनगरात एक माणूस झोपडीत बसून लिहीत होता. अण्णाभाऊ साठे. आमच्यासारखाच गिरणीत राबलेला. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ असे मराठी सिनेमे निघाले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तो भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटतो आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी सरकारच्या स्वाधीन होतो. तोही मरतोच, पण त्याची कोणी कीव करत नाही. लिहिणारा आपला असला की मरणसुद्धा वेगळे लिहिले जाते. सिनेमांनी पैसा कमावला असेल-नसेल, अण्णाभाऊ मात्र १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हलाखीतच गेले.

नंतरच्या हिंदी सिनेमाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘दीवार’ (१९७५) मधल्या गोदी कामगाराची आम्ही पोरांनी नक्कल केली. केस तसे, शर्टाची गाठ तशी. पण त्या हिरोला जात नव्हती, वस्ती नव्हती. १९८२ च्या संपात लाखो कामगार देशोधडीला लागले, त्यांच्यासाठी काही कोणी पडद्यावरून उडी मारून आला नाही. मी संपानंतर बदली म्हणून गिरणीत लागलो, तेव्हा खात्यातले जुने लोक हे हसून सांगायचे.

आता ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. लोक हायवेवर उतरले. राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले. टँकर पेटवणार होते म्हणून गोळ्या झाडल्या, असे सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला आपल्या झोपडीत लोकशाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेला हा माणूस.

आनंद पटवर्धन यांनी विलासदादांना आधीच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घेतले होते. आता ते कॅमेरा घेऊन वस्तीत आले आणि १४ वर्षे येत राहिले. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला, तीन तासांच्या वर. वस्त्यांमध्ये पडदे लावून तो दाखवला गेला. त्यात नट नाहीत. ज्यांची मुले गेली त्या आया स्वतः बोलतात, शाहीर स्वतः गातात. ‘अछूत कन्या’ला मालाडच्या स्टुडिओत खोटे रेल्वे फाटक उभारले असेल, इथे खरा हायवे आहे आणि रक्त सांडलेली खरी जागा.

त्यानंतर ‘कोर्ट’ (२०१४) आला. नारायण कांबळे या शाहिरावर खटला. ते काम केले नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. २०२१ साली कोरोनाने ते गेले. या सिनेमात शेवटच्या सीनमध्ये आपला माणूस नाहीच. तो कोठडीत, आणि सुट्टी लागली म्हणून न्यायाधीश कुटुंबासह सहलीला. असा शेवट मी आधी कधी पाहिला नव्हता.

आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. आपल्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही तो दाखवला. प्रोजेक्टर भाड्याने आणला होता, तो पुस्तकांच्या कपाटावर ठेवावा लागला. मेलेले डुक्कर काठीला बांधून जब्या आणि त्याच्या घरचे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा. हॉलमध्ये कोणी हालत नव्हते. मग जब्या दगड उचलतो आणि सरळ आपल्याकडे फेकतो. पडदा काळा.

दिवे लावल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजीने विचारले, “पोरगं जितं हाय न्हवं?” मी म्हटले, हो आजी, जिवंत आहे.