महिला संघासाठी ‘योग्य वेळ’ कोणती? महाराष्ट्रातील फुटबॉल क्लबांचा एक तुटक इतिहास

१/ जानेवारी २०१७ च्या अखेरीस नवी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर इंडियन विमेन्स लीगची पहिली अंतिम फेरी सुरू झाली. सहा संघ होते. त्यांपैकी दोनच संघांच्या क्लबांकडे देशाच्या वरच्या श्रेणीत खेळणारा पुरुष संघ होता: मिझोरमचा ऐजॉल एफसी आणि महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी.

२/ त्या वेळी इंडियन सुपर लीगमध्ये आठ क्लब होते. पैसा, प्रसिद्धी, चित्रपटतारे, परदेशी प्रशिक्षक, सारे काही तिथे होते. तरी या आठांपैकी महिला लीगमध्ये उतरला तो एकटा पुण्याचा क्लब. त्याची स्थापना २०१४ ची, म्हणजे वय जेमतेम तीन वर्षे. आणखी अडीच वर्षांनी हा क्लबच उरला नाही.

३/ क्लबाने महिला संघ कधी सुरू करावा, या प्रश्नाला जगभर एक ठरावीक उत्तर मिळत आले आहे: “आधी पुरुषांचा संघ स्थिर होऊ द्या, मग महिलांचे पाहू.” ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, याचा हा थ्रेड.

४/ सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण ‘अजून वेळ आली नाही’ हे वाक्य तिथे कसे घडले ते स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर आणि कंपनीच्या कामगार स्त्रियांनी १९१७ मध्ये संघ उभारला. त्यांचे सामने मदतनिधीसाठी होत.

५/ २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० प्रेक्षक आले. वर्षभराच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदान देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे कारण दिले गेले. जमा झालेल्या निधीच्या हिशेबावरही बोट ठेवले गेले.

६/ ही बंदी उठली १९७१ मध्ये. पन्नास वर्षे! या काळात पुरुषांच्या क्लबांनी स्टेडियम बांधले, चाहत्यांच्या पिढ्या घडवल्या, दूरचित्रवाणीचे करार केले. पुढे ‘महिला फुटबॉलला प्रेक्षक कुठे आहेत?’ असे विचारले गेले, तेव्हा ५३,००० चा तो आकडा बहुतेकांच्या स्मरणातून गेलेला होता. ‘वेळ आली नाही’ म्हणणाऱ्यांनीच ती वेळ मागे ढकलली होती.

७/ बंदी उठल्यानंतरचे दोन क्लब शेजारी ठेवून पाहावेत. आर्सेनलने १९८७ मध्ये महिला संघ सुरू केला आणि २००७ मध्ये त्या संघाने युरोपचे विजेतेपद मिळवले. मँचेस्टर युनायटेडने, जगातील सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाने, २००५ मध्ये आपला महिला संघ बंद केला. तो पुन्हा उभा राहिला थेट २०१८ मध्ये. पहिल्याच हंगामात त्या संघाने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले आणि २०२४ मध्ये एफए कप जिंकला.

८/ मधली तेरा वर्षे युनायटेडकडे पैसा नव्हता, खेळाडू नव्हते की मैदान नव्हते? यांपैकी कशाचीच वानवा नव्हती. म्हणजे वेळ ही परिस्थितीतून आपोआप उगवत नाही. कुणाला तरी ती ठरवावी लागते.

९/ आता भारत. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. १९८० मध्ये कोझिकोडे येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या; १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. फुटबॉलसाठी हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

१०/ आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या खेळाडूंना देशात खेळायला राष्ट्रीय क्लब लीग मात्र नव्हती. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, महिलांची २०१६-१७ च्या हंगामात. दोहोंत वीस वर्षांचे अंतर. गुणवत्ता आधी होती. रचना फार उशिरा आली.

११/ महाराष्ट्राची पार्श्वभूमी आणखी जुनी आहे. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. कोल्हापुरात फुटबॉल पेठांपेठांतून रुजला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही तिथल्या संघांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. तालमीच्या आखाड्यातून हा खेळ शाहू स्टेडियमवर आला. त्यामुळे त्याला लोकाश्रय लाभला, पण क्लबाची मूळ जागाच पुरुषांची राहिली.

१२/ आता ‘आधी पुरुषांचा संघ स्थिर होऊ द्या’ हा युक्तिवाद महाराष्ट्राला लावून पाहू. महिंद्रा युनायटेड: २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी: २००७ मध्ये स्थापना, २०१५ मध्ये बंद. भारत एफसी: पुण्यातच, एका हंगामापुरता. मुंबई एफसी: २००७ मध्ये स्थापना, २०१६-१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरण आणि त्यानंतर अस्त.

१३/ या यादीत अपयशी क्लबांबरोबर राष्ट्रीय विजेताही आहे. म्हणजे महाराष्ट्रात पुरुषांचा संघ मैदानावर यशस्वी झाला तरी क्लब टिकेलच असे नव्हते. महिला संघाने ज्या स्थैर्याची वाट पाहावी असे सांगितले जात होते, ते स्थैर्य इथे कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. न येणाऱ्या गाडीसाठी फलाटावर बसवून ठेवण्यासारखाच हा प्रकार.

१४/ या पार्श्वभूमीवर एफसी पुणे सिटीने वाट न पाहता पहिल्याच हंगामात महिला संघ उतरवला, याचे मोल कळते. मात्र पुढचे पानही वाचले पाहिजे. दुसऱ्या हंगामाची अंतिम फेरी २०१८ मध्ये शिलाँगला झाली. तिथल्या सात संघांत पुण्याचे नाव नव्हते. २०१९ मध्ये क्लब बंद पडला आणि सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली.

१५/ इथे सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: ‘पाहा, घाई केली म्हणून टिकले नाही.’ पण २०१९ मध्ये बंद पडला तो संपूर्ण क्लब, पुरुषांच्या संघासकट. उलट ऐजॉलकडे पाहावे. ज्या २०१६-१७ च्या हंगामात त्या लहान क्लबाने महिला संघ उतरवला, त्याच हंगामात त्याच्या पुरुष संघाने आय-लीग जिंकली. महिला संघ असणे हे पुरुषांच्या संघावरचे ओझे ठरते, असे निदान तिथे तरी दिसले नाही.

१६/ मुंबईच्या केंकरे एफसीचे उदाहरण तर हा क्रमच उलटा करते. त्याच्या महिला २०१९-२० मध्ये बंगळुरू येथील इंडियन विमेन्स लीगच्या अंतिम फेरीत खेळल्या आणि उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचल्या. त्याच क्लबाचा पुरुष संघ आय-लीगमध्ये आला तो २०२१-२२ मध्ये. इथे राष्ट्रीय व्यासपीठावर आधी महिला पोहोचल्या, पुरुष मागाहून.

१७/ बंगळुरूच्या त्या फेरीत महाराष्ट्राचा आणखी एक संघ होता, एफसी कोल्हापूर सिटी. तालमींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फुटबॉलनगरीचे नाव राष्ट्रीय महिला लीगच्या तक्त्यावर झळकले. पेठांच्या शतकभराच्या फुटबॉलमध्ये हे नवे प्रकरण होते.

१८/ आता सर्व नावे एका ओळीत मांडू. २०१७: एफसी पुणे सिटी. २०१८: मुंबईचा इंडिया रश. २०२०: केंकरे आणि कोल्हापूर सिटी. २०२२: मुंबईचा पिफा. २०२३: मुंबई नाइट्स. महाराष्ट्रात महिला संघ सुरूच झाले नाहीत, असे म्हणता येणार नाही. ते पुन्हा पुन्हा सुरू झाले. नावे मात्र बदलत राहिली.

१९/ या ओळीतच आपल्या प्रश्नाचे खरे रूप दडले आहे. क्लब आरंभाच्या दिवसाची चर्चा करतात. खेळाडूच्या आयुष्यात महत्त्व असते ते सातत्याला. दर काही वर्षांनी नवा संघ म्हणजे नवी जर्सी, नवा प्रशिक्षक, नवी निवड चाचणी. पंधराव्या वर्षी क्लबात आलेली मुलगी बाविसाव्या वर्षीही त्याच क्लबात आहे, असा प्रवास अशा तुटक इतिहासात घडणे कठीण.

२०/ यामागे स्पर्धेच्या रचनेचाही भाग होता. सुरुवातीच्या हंगामांत अंतिम फेरी एकाच शहरात, काही आठवड्यांत उरकत असे. तेवढ्यापुरता संघ जमवणे शक्य होते. २०२३-२४ पासून लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, काही महिने चालणारी झाली. आता कायमचा संघ, स्वतःचे मैदान आणि प्रवासखर्च, तिन्ही हवे होते.

२१/ त्या २०२३-२४ च्या हंगामात सात संघ खेळले. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, बंगाल, दिल्ली यांचा प्रत्येकी एक आणि ओडिशाचे दोन. महाराष्ट्राचा एकही नाही. २०२४-२५ मध्ये संघ आठ झाले. महाराष्ट्राची पाटी तेव्हाही कोरीच राहिली.

२२/ या अनुपस्थितीला एक बोचरी पार्श्वभूमी आहे. २०२२ च्या आरंभी महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रंगला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. वर्षभरानंतर देशाच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये या यजमान राज्याचा एकही क्लब नव्हता.

२३/ मग टिकले कोण? गोकुलम केरळची स्थापना २०१७ ची. २०१८ च्या शिलाँगच्या फेरीत त्याचा महिला संघ होता. २०१९-२०, २०२१-२२ आणि २०२२-२३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे त्याने मिळवली. त्याच्या पुरुषांनी आय-लीग जिंकली ती २०२०-२१ मध्ये, म्हणजे महिलांच्या पहिल्या विजेतेपदानंतर.

२४/ ओडिशा एफसीचा धागा पुण्याशी विलक्षण जुळतो. २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबादला गेली, त्याच वर्षी दिल्ली डायनामोज हा क्लब भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. त्याने २०२२ मध्ये महिला संघ उभारला आणि २०२३-२४ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. एकाने लगेच आरंभ केला, दुसऱ्याने तीन वर्षांनी. यश दोघांनाही मिळाले, कारण दोघांनीही सुरू केलेले काम मध्येच सोडले नाही.

२५/ आता हाच नकाशा परभणी जिल्ह्यातील सोनपेठहून पाहावा. इथल्या मुलीने २०२३-२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळायचे ठरवले असते, तर मुंबई-पुण्याची गाडी पकडून भागले नसते. तिला राज्यच सोडावे लागले असते. बंगळुरू, भुवनेश्वर किंवा कोलकाता गाठावे लागले असते. घरच्यांना तेवढ्या लांबचा प्रवास पटवून देणे हा तिचा पहिला सामना ठरला असता, आणि तो मैदानाबाहेरचा.

२६/ क्लबाच्या बैठकीत ‘यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हटले जाते, तेव्हा क्लबाचे एक वर्ष जाते. खेळाडूच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो. तिच्या हाताशी खेळण्याची दहा-बारा वर्षेच असतात. त्यांतले प्रत्येक पुढे ढकललेले वर्ष कायमचे वजा होते. मँचेस्टर युनायटेड तेरा वर्षांनी परत येऊ शकले. २००५ मध्ये वीस वर्षांची असलेली मुलगी २०१८ मध्ये तेहतीस वर्षांची झाली होती.

२७/ महाराष्ट्राच्या या तुटक इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पुरुषांच्या संघाच्या स्थैर्याची अट इथे कधीच पूर्ण झाली नाही, म्हणून ती अट म्हणून निरुपयोगी आहे. आणि नुसता आरंभ पुरेसा नाही, हे पुण्याने दाखवले. यापुढे एखादा क्लब महिला संघाची घोषणा करील, तेव्हा पहिल्या सामन्याच्या तारखेबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: पाचव्या हंगामाची तरतूद झाली आहे का?

(समाप्त)