मधाची कसोटी
पाण्याच्या पेल्यात सोडलेला थेंब न विरघळता तळाशी बसला की मध अस्सल, ही घरगुती परीक्षा फक्त दाटपणा जोखते. घट्ट पाकही तसाच बसतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत मधात मक्याचा पाक मिसळू लागला, तेव्हा प्रयोगशाळांनी कार्बनचे समस्थानिक मोजले: मका आणि उसाच्या साखरेत कार्बन-13 बहुतेक फुलांच्या मकरंदापेक्षा जास्त असतो. मग भेसळखोर तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण भाताचा कार्बन फुलझाडांसारखाच. त्यावर एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) हे तंत्र आले. ते मधाचा अख्खा ठसाच अस्सल नमुन्यांशी ताडते. चोर कायम पुढेच, मग तपासणी कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रत्येक चाचणीने एक स्वस्त वाट बुजवली. भेसळ नफ्यासाठी होते. ती महाग करणे हेच प्रयोगशाळेचे यश.